पायातली गुठळी: नुसत्या गोळ्या, विरघळवणं की ओढून काढणं?

आमच्या घरात दोन वर्षांच्या अंतराने दोन पाय सुजले. आधी आईचा, मग धाकट्या भावाचा. दोघांच्या डॉप्लर (शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) रिपोर्टवर निदान एकच होतं: डीव्हीटी, म्हणजे पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी. आईला डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. भावाला मात्र सांगलीहून पुण्याला न्यावं लागलं. गुडघ्यामागून नळी घालून गुठळी काढली, वर स्टेंटही (शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला. त्यावरून नातेवाइकांत अजून दोन तट आहेत. एक म्हणतो, "वहिनींचं गोळ्यांवर भागलं, मग याला कशाला एवढा खटाटोप?" दुसरा म्हणतो, "वहिनींचीही तेव्हाच काढून घ्यायला हवी होती." मला विचाराल तर दोन्ही तट चुकतात. दोघांचे पाय सारखे दिसत होते, पण गुठळी वेगळ्या जागी होती, माणसं वेगळ्या वयाची होती आणि हातातले दिवसही वेगळे होते.

मी डॉक्टर नाही. पण भावाच्या वेळी दोन दिवसांत तीन डॉक्टरांसमोर बसले, घरी येऊन वाचलं, परत जाऊन विचारलं. हाच निर्णय ज्यांच्यापुढे आता उभा आहे त्यांच्यासाठी ते सगळं एका जागी मांडते आहे.

आधी रिपोर्टवरचं शिरेचं नाव वाचा

उपचारांची तुलना करण्याआधी रिपोर्ट हातात घ्या आणि गुठळी कोणत्या शिरेत आहे ते बघा. पोटरीतल्या शिरा, गुडघ्यामागची पॉप्लिटियल, मांडीतली फीमोरल, आणि जांघेच्या वर ओटीपोटात शिरणारी इलियाक, असा खालून वर रस्ता आहे. पोटरीतली शीर म्हणजे शेतातला पाट. एक तुंबला तर पाणी शेजारच्या पाटाने निघून जातं. मांडीतली शीर तुंबली तरी तिला बऱ्यापैकी समर्थ पर्याय असतो. जांघेतली आणि तिच्या वरची शीर मात्र पुलाखालच्या मोरीसारखी. ती बंद झाली की अख्खा ओढा मागे फुगतो, कारण सगळ्या पायाचं रक्त तिथूनच वर जातं. रिपोर्टमध्ये 'इलिओफीमोरल' हा शब्द दिसला तर गुठळी या मोरीत आहे असं समजा. नळी घालून करायच्या उपचारांचा विचार मुख्यतः याच रुग्णांसाठी होतो. गुठळी त्याखाली असेल तर बहुतेकांसाठी प्रश्न तिथेच मिटतो: गोळ्या.

आईची गुठळी गुडघ्यामागे आणि मांडीच्या खालच्या भागात होती. वय 68, गुडघ्याचं सांधेरोपण होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. म्हणजे जागा खालची, आणि ऑपरेशन ताजं असल्यामुळे गुठळी विरघळवणारं औषध धोक्याचं. तिच्यासाठी तुलना करायला दुसऱ्या बाजूला काही नव्हतंच.

नुसत्या गोळ्या: काय करतात, काय करत नाहीत

यांना आपण 'रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या' म्हणतो. नाव फसवं आहे. त्या रक्त पातळ करत नाहीत आणि असलेली गुठळी विरघळवतही नाहीत. गुठळी वाढू नये आणि नवी होऊ नये एवढंच त्यांचं काम. जुनी गुठळी शरीर आपल्या गतीने खात बसतं, त्याला आठवडे-महिने लागतात. कधी ती पूर्ण जाते, कधी शिरेच्या भिंतीला दोऱ्यांसारखी चिकटून राहते.

एवढं साधं काम असलं तरी त्यावर जीव अवलंबून असतो. डीव्हीटीतली तातडीची भीती पायाची नसून फुप्फुसाची आहे. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर माणूस जाऊ शकतो आणि त्यापासून मुख्य संरक्षण या औषधांचंच आहे. म्हणून पुढचा कोणताही पर्याय निवडला तरी ही औषधं सुटत नाहीत. "प्रोसिजर केली की गोळ्या बंद" हा समज आमच्या घरातही होता. तो पहिल्याच भेटीत गेला.

सध्या बहुतेकांना रिव्हारॉक्सॅबॅन किंवा अपिक्सॅबॅन देतात. रिव्हारॉक्सॅबॅन पहिले 21 दिवस 15 मिग्रॅ दोनदा, मग 20 मिग्रॅ एकदा. ती जेवणासोबतच घ्यायची, उपाशीपोटी नीट शोषली जात नाही. आईचा गुरुवार असायचा, त्यामुळे हा मुद्दा आमच्याकडे चांगलाच गाजला. अपिक्सॅबॅन पहिले 7 दिवस 10 मिग्रॅ दोनदा, मग 5 मिग्रॅ दोनदा, आणि तिला जेवणाची अट नाही. किमान मुदत तीन महिने. वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमेरॉल या जुन्या गोळ्यांना आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, तपासत राहावं लागतं. तो सहसा 2 ते 3 मध्ये हवा, आणि पालक, मेथी, अळू कधी भरपूर, कधी शून्य असं चालत नाही. तरी त्या मोडीत निघालेल्या नाहीत. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (शरीराच्या स्वतःच्या प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होण्याचा आजार) असेल तर अनेकदा वॉरफरिनच द्यावं लागतं. गरोदरपणात या गोळ्यांऐवजी पोटावर घ्यायची हेपारिनची इंजेक्शनं असतात.

गोळ्यांची बाजू भक्कम आहे: दवाखान्यातला मुक्काम थोडा, चिरफाड नाही, रक्तस्रावाचा धोका प्रोसिजरपेक्षा कमी, आणि जेनेरिक आल्यापासून खर्चही आवाक्यात. कमजोरी दिसते ती नंतरच्या वर्षांत. गुठळी जितका काळ राहते तितक्या शिरेतल्या नाजूक झडपा खराब होतात. मग संध्याकाळी पाय शिशासारखा जड होणं, घोट्याभोवती कातडी काळपट पडणं, खाज, आणि काहींना महिनोन्‌महिने न भरणारी जखम. याला पोस्ट-थ्रॉम्बोटिक सिंड्रोम म्हणतात. पायाच्या वरच्या शिरांत गुठळी झालेल्या किमान पाचातल्या एकाला, आणि काही पाहण्यांत निम्म्यांना, दोन वर्षांत कमी-अधिक प्रमाणात हा त्रास होतो. नळीचे सगळे उपचार मुख्यतः हा त्रास टाळण्यासाठी आहेत. "फुप्फुसात जाऊ नये म्हणून गुठळी काढून टाकू" असं कोणी सांगितलं तर पुन्हा विचारा.

नळीतून औषध सोडून विरघळवणं

रुग्णाला पालथं झोपवतात, गुडघ्यामागची जागा बधिर करतात, सोनोग्राफीत बघत सुई घालतात. त्यातून बारीक छिद्रांची नळी थेट गुठळीच्या पोटात सरकवतात आणि अल्टेप्लेज किंवा युरोकायनेज थेंबाथेंबाने सोडतात. स्ट्रोकमध्ये हेच अल्टेप्लेज हातातल्या शिरेतून तासाभरात 90 मिग्रॅपर्यंत देतात, इथे तासाला 1 मिग्रॅच्या आसपास. डोस थोडा असला तरी औषध तासन्‌तास चालतं, कधी दिवसभर किंवा जास्त. तोवर मुक्काम आयसीयूत, पाय सरळ, वरचेवर रक्ततपासणी. रक्त कुठूनही येऊ शकतं. सुईच्या जागेतून आलं तर निभावतं, मेंदूत झालं तर नाही.

फायदा किती? नॉर्वेत 209 रुग्णांवर झालेली कॅव्हेंट नावाची चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी पायाचा तो दीर्घ त्रास नळीवाल्यांत सुमारे 41 टक्के, नुसत्या औषधवाल्यांत 56 टक्के. पाच वर्षांनी हेच 43 आणि 71. आकडे बघून डॉक्टर मंडळी हरखली असणार. मग 2017 मध्ये अमेरिकेतली अट्रॅक्ट चाचणी आली. 692 रुग्ण, 56 रुग्णालयं, आणि निकाल 47 विरुद्ध 48 टक्के. म्हणजे फरकच नाही. उलट पहिल्या दहा दिवसांतला मोठा रक्तस्राव 0.3 टक्क्यांवरून 1.7 टक्क्यांवर गेला.

भावाच्या पहिल्या डॉक्टरांनी हाच 47-48 चा आकडा सांगून "काही उपयोग नाही, गोळ्या घ्या" म्हटलं होतं. दुसऱ्यांनी तीच चाचणी उलगडून दाखवली. एकूण त्रास सारखा असला तरी मध्यम ते तीव्र त्रास 24 टक्क्यांवरून 18 वर आला होता. ज्यांची गुठळी जांघेत आणि वर होती, त्या 391 रुग्णांत हा फरक 28 विरुद्ध 18 असा होता. खालच्या गुठळ्यांना मात्र फायदा नाही, रक्तस्राव तेवढा वाढलेला. एकाच चाचणीतून दोन डॉक्टर दोन सल्ले देतात आणि दोघंही खोटं बोलत नसतात, हे मला तेव्हा कळलं. तुम्हाला कोणी टक्केवारी सांगितली तर ती कोणत्या शिरेची, एवढं विचाराच.

यंत्राने ओढून काढणं

इथे गुठळी औषधाने वितळवण्याऐवजी सरळ बाहेर आणतात. पंपाला जोडलेल्या नळीने शोषून घ्यायची, जाळीच्या पिशवीने शिरेच्या भिंतीवरून खरवडून ओढायची, किंवा वेगवान झोताने फोडून खेचायची, असे प्रकार. नळी जाडसर, साधारण 4 ते 5 मिमी, पण शिरेत दाब कमी असल्याने एखाद्या टाक्यावर किंवा दाबून धरण्यावर भागतं. बहुतेकदा काम एकाच बैठकीत, तास-दोन तासांत होतं. विरघळवणारं औषध अजिबात लागत नाही किंवा अगदी थोडं लागतं. त्यामुळे आयसीयू टळू शकतं आणि ज्यांना ते औषध देणं धोक्याचं, त्यांच्यातल्या काहींसाठीही वाट उघडते.

भावाची गुठळी काढल्यावर डॉक्टरांनी पांढऱ्या कापडावर मांडून दाखवली. मला लालभडक काहीतरी दिसेल असं वाटलं होतं. तिथे काळसर-जांभळ्या जळवांसारखे तुकडे होते, सर्वांत लांब माझ्या करंगळीएवढा. एका टोकाला फिकट, रबरासारखा भाग होता. डॉक्टर म्हणाले, "हा जुना. अजून दोन आठवडे थांबला असतात तर सगळीच अशी झाली असती."

तोटे: शोषताना रक्तही जातं, त्यामुळे हिमोग्लोबिन खाली येतं. झोताच्या यंत्राने लाल पेशी फुटून लघवी लाल होते आणि किडनीवर ताण येतो. किडनीचा आजार असलेल्यांनी हे आधी बोलून घ्यावं. शिरेला इजा होऊ शकते. यंत्राचा जो भाग वापरतात तो एकदाच वापरायचा असल्याने बिल फुगतं. शिवाय पुराव्याचं पारडं इथे हलकं आहे. अट्रॅक्टमध्ये यंत्र होतं, पण औषधासोबत. नुसत्या यंत्राबद्दल आतापर्यंत जे हाती आहे ते बहुतांशी रुग्णांच्या नोंदी ठेवून केलेल्या पाहण्यांतून. नोंदी उत्साहवर्धक आहेत, पण शेजारी तुलनेला गोळ्यांचा गट नसतो. पर्याय नवा आणि चकचकीत आहे म्हणून तो सिद्ध झाला असं धरू नका.

तरी सरळ विचारलंत तर सांगते: तरुण माणूस, जांघेच्या वरची ताजी गुठळी आणि हात बसलेले डॉक्टर असतील तर औषधाच्या लांब ड्रिपपेक्षा मी यंत्राकडे झुकेन. आमचे डॉक्टरही तिकडेच झुकले.

दिवस मोजा

निर्णय कोणाच्याही मतापेक्षा कॅलेंडर जास्त ठरवतं. लक्षणं सुरू झाल्यापासून 14 दिवसांच्या आत हे उपचार सर्वांत चांगले चालतात. पुढे गुठळीत तंतू भरतात, ती शिरेला चिकटते, मग औषधाला दाद देत नाही आणि जाळीलाही जड जाते. मावशीचे दीर तीन महिन्यांची गुठळी घेऊन सांगलीत दोन दवाखाने हिंडले. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं, आता काढण्यासारखं काही नाही.

भावाचे पाच दिवस असेच गेले. नागपूरहून रात्रभराचा बसप्रवास करून आला, डावा पाय दुखायला लागला. "वातानं धरलंय" म्हणून घरात तेल लावून चोळला. हे करू नका, एकाच पायाला सूज असेल तर अजिबात नको. जवळच्या दवाखान्यात "स्नायू आखडलाय, शेक द्या" सांगितलं. सहाव्या दिवशी आईने टेप आणून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी साडेतीन सेंटीमीटर जाड भरली. स्वतःच्या आजारपणात नर्सना मोजताना तिने पाहिलं होतं. त्याच दुपारी डॉप्लर झालं.

स्टेंट आणि फिल्टर

हे दोन शब्द अंदाजपत्रकात अचानक उगवतात. स्टेंट कशाला? उजव्या पायाकडे जाणारी धमनी ओटीपोटात डाव्या पायाच्या शिरेवरून जाते आणि तिला मणक्यावर दाबते. काहींमध्ये हा दाब इतका असतो की शीर चेमटते. मे आणि थर्नर या दोघांनी 1957 मध्ये हे वर्णन केलं, म्हणून त्याला मे-थर्नर सिंड्रोम म्हणतात. या भागातली डीव्हीटी डावीकडे जास्त आढळते त्याचं हे एक कारण. गुठळी काढल्यावर खाली असा चेमटलेला भाग दिसला आणि तो तसाच ठेवला तर पुन्हा तुंबण्याची भीती असते. म्हणून बलूनने फुगवून स्टेंट बसवतात. हृदयातला स्टेंट साधारण 3 मिमीचा, हा 14 ते 16 मिमीचा. तो जन्मभर राहतो, त्यातही गुठळी होऊ शकते, म्हणून तपासण्या आणि गोळ्या चालूच. भावाच्या अंदाजपत्रकात स्टेंट धरलेलाच नव्हता. प्रोसिजर चालू असताना बाहेर येऊन सही मागितली आणि रक्कम भलतीच पुढे गेली. उपचाराबद्दल माझी तक्रार नाही, कागदाबद्दल आहे. आधीच लेखी विचारा: यंत्राचा भाग, आयसीयूचे दिवस, स्टेंट लागला तर, नाही लागला तर. विम्याची पूर्वमंजुरीही दोन्ही शक्यता धरून मागा.

फिल्टर म्हणजे पोटातल्या मोठ्या शिरेत बसवायची छत्रीसारखी जाळी, सुटलेली गुठळी अडवणारी. हा पायाचा उपचार नव्हे. मेंदूत रक्तस्राव वगैरे कारणाने रक्ताची औषधं देताच येत नाहीत अशांसाठी ती आहे. "जादा सुरक्षा" म्हणून कोणी सुचवली तर कारण विचारा, आणि बसवलीच तर काढायची तारीखही.

कोणी कुठे उभं राहायचं

पाय निळा-जांभळा पडला असेल, ताठ फुगला असेल, दुखणं असह्य असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि मोठं रुग्णालय गाठा. तिथे पाय वाचवायचा असतो, गुठळी लगेच काढणं हाच मार्ग असू शकतो. अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं किंवा भोवळ आली तरी तसंच.

तशी घाई नसेल आणि गुठळी पोटरीत किंवा मांडीत असेल, तर गोळ्या. गुठळी जांघेच्या वर पण वय झालेलं, हल्लीच ऑपरेशन किंवा स्ट्रोक झालेला, पोटात अल्सर, मेंदूत गाठ, तरीही सहसा गोळ्याच. गुठळी वर, दोन आठवड्यांच्या आतली, माणूस हिंडता-फिरता, रक्तस्रावाचा धोका कमी, आणि पाय खरोखर त्रास देतोय, अशा वेळी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (नळी घालून उपचार करणारे डॉक्टर) किंवा व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनचं मत घ्यायलाच हवं. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही जवळपास हेच निकष धरतात. मत घेतलं म्हणजे प्रोसिजर करायलाच हवी असं नाही. अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा 2020 चा सल्लाही बहुतेकांना नुसत्या औषधांचाच आहे. भेटीत एवढं विचाराच: असे रुग्ण महिन्याला किती करता, आणि अर्ध्यात थांबावं लागलं तर पुढे काय?

घट्ट पायमोज्यांबद्दल दोन शब्द. ते घातले की सूज आणि जडपणा कमी वाटतो, पण दीर्घ त्रास टळतो असं 2014 च्या मोठ्या चाचणीत दिसलं नाही. सुख वाटत असेल तर घाला, नाही तर मे महिन्यात सांगलीत स्वतःचे हाल करू नका.

आईच्या गोळ्या तीन महिन्यांनी बंद झाल्या. तिला कारण सापडलेलं होतं, गुडघ्याचं ऑपरेशन, आणि ते मागे पडलं होतं. पाय संध्याकाळी थोडा सुजतो, ती तो उशीवर ठेवून मालिका बघते. भावाच्या पायात फरक शोधावा लागतो, पण त्याच्या गोळ्या चालू आहेत. एका बसप्रवासाला डॉक्टर पुरेसं कारण मानत नाहीत, आणि वर स्टेंट आहे. पुढच्या डॉप्लरनंतर डोस कमी करायचा का ते ठरणार. तोवर रोज रात्री नऊला आईचा त्याला फोन असतो: जेवलास का, आणि जेवणाबरोबर घेतलीस का?